गोचिडीच्या पोटात लढणारी लस

अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे गोचिडींमुळे माणसांना होणाऱ्या रोगांवरील संशोधनासाठी वेगळा निधी आहे, असं सांगितलं की काही जण हसतात आणि काहींचे डोळे चमकतात. डोळे चमकणारी मंडळी म्हणजे 'लाइम रोग (गोचिडीच्या चाव्यातून होणारा जिवाणूंचा रोग) हे लष्कराच्या प्रयोगशाळेतून निसटलेलं जैविक अस्त्र आहे' असं छातीठोकपणे सांगणारी. न्यूयॉर्क राज्यातल्या प्लम बेटावर सरकारची जनावरांच्या रोगांवरची प्रयोगशाळा, आणि खाडीपलीकडे कनेटिकट राज्यात लाइम नावाचं गाव. एवढ्या भांडवलावर ही गोष्ट वर्षानुवर्षं चालली आहे. 2019 मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने तर याची चौकशी करावी, अशी दुरुस्तीसूचनासुद्धा मंजूर केली होती! त्याआधीच, 2017 मध्ये, येल विद्यापीठातल्या संशोधकांनी लाइमच्या जिवाणूचे जनुकक्रम ताडून पाहिले होते. तो उत्तर अमेरिकेच्या जंगलांत किमान 60,000 वर्षं नांदतो आहे. तेव्हा कुठली प्रयोगशाळा आणि कुठलं लष्कर?

निधीमागचं कारण साधं आहे. सैनिक रानात, गवतात सराव करतात आणि गोचिडी तिथेच असतात. 2016 साली 50 लाख डॉलर देऊन हा कार्यक्रम सुरू झाला, पुढे ही रक्कम वर्षाला 70 लाखांपर्यंत गेली. संरक्षण खात्याच्या हिशेबात ही चिल्लरच. पण त्यातला एक अनुदानप्रकार मला फार आवडतो. तो मुद्दामच जोखमीच्या, अजून बाल्यावस्थेतल्या कल्पनांसाठी राखलेला आहे. फसली तर फसली, पण जमली तर मोठी उडी, अशा कल्पनांसाठी. लाइमच्या बाबतीत अशा चक्रम वाटणाऱ्या कल्पनांना पैसा का मिळायला हवा, हे समजायचं तर गोचिडीच्या पोटात शिरावं लागेल.

पण आधी थोडी पार्श्वभूमी. 1975 च्या सुमारास लाइम आणि आसपासच्या गावांत लहान मुलांचे गुडघे सुजू लागले. दोन आयांनी पाठपुरावा केला, येल विद्यापीठाचे अ‍ॅलन स्टीअर तपासाला आले आणि रोगाला गावाचं नाव चिकटलं. जिवाणू मात्र सापडला 1981 मध्ये, विली बर्गडॉर्फर यांना, गोचिडीच्या आतड्यात. मळसूत्रासारखा पीळदार असलेल्या या जिवाणूला त्यांचंच नाव मिळालं: बोरेलिया बर्गडॉर्फेरी. आज अमेरिकेत दरवर्षी अंदाजे 4,76,000 लोकांवर लाइमचे उपचार होतात. त्वचेवर पसरत जाणारा लाल चट्टा, ताप, अंगदुखी; दुर्लक्ष झालं तर सांधे, मज्जातंतू, हृदय. वेळेवर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक मिळालं तर बहुतेक जण बरे होतात. काहींचा थकवा आणि वेदना मात्र महिनोन्महिने रेंगाळतात, आणि त्यावर प्रतिजैविकांचा दीर्घकाळ मारा करून फायदा होत नाही, हे चाचण्यांतून दिसलेलं आहे. तरी असे उपचार विकणाऱ्यांची दुकानं जोरात आहेत.

आता मुख्य गोष्ट. गोचिडीची अळी अंड्यातून बाहेर येते तेव्हा तिच्यात हा जिवाणू नसतो. ती पहिलं रक्त पिते ते बहुधा पांढऱ्या पायांच्या उंदराचं, आणि तिथेच तिला त्याची लागण होते. मग ती कात टाकून आठ पायांची, खसखशीच्या दाण्याएवढी होते आणि पुढच्या रक्ताची वाट पाहत कित्येक महिने उपाशी बसते. या काळात जिवाणू तिच्या मध्यांत्रात तळ ठोकून असतो. त्याच्या पृष्ठभागावर तेव्हा 'ऑस्प-ए' नावाचं प्रथिन दाटीवाटीने असतं. गोचिडीच्या आतड्याच्या अस्तरावर या प्रथिनाला धरून ठेवणारा एक ग्राहक रेणू असतो, त्यामुळे जिवाणू तिथे घट्ट चिकटून राहतो.

मग एक दिवस ही गोचीड माणसाच्या पायाला चिकटते. गरम रक्त पोटात उतरू लागतं. तापमान चढतं, आम्लता बदलते, अन्नाचा सुकाळ होतो. जिवाणूच्या आत एक साखळी जागी होते: आरआरपी-2 हे प्रथिन आरपो-एन या सिग्मा घटकाच्या साथीने आरपो-एस या दुसऱ्या सिग्मा घटकाचं जनुक चालू करतं. सिग्मा घटक म्हणजे जनुकाची नक्कल करणाऱ्या विकराला 'इथून वाचायला लाग' असं सांगणारं प्रथिन. आरपो-एस वाढलं की ऑस्प-ए चं उत्पादन मंदावतं आणि 'ऑस्प-सी' नावाचं दुसरं प्रथिन बनू लागतं. पकड सुटते. जिवाणूंची संख्या झपाट्याने वाढते, काही आतड्याची भिंत ओलांडून गोचिडीच्या शरीरद्रवात उतरतात आणि तिथून लाळग्रंथींत पोचतात. तिथे आणखी एक कमाल. गोचिडीच्या लाळेतलं 'साल्प-15' हे प्रथिन ऑस्प-सी ला चिकटतं आणि माणसाच्या प्रतिपिंडांपासून जिवाणूचा बचाव करतं. म्हणजे गोचीड नुसतं वाहन नाही, ती त्याची अंगरक्षकही आहे.

या सगळ्याला वेळ लागतो, साधारण दीड दिवस किंवा जास्त. म्हणून चिकटलेली गोचीड पहिल्या 24 तासांत काढली तर लाइमची शक्यता फार कमी. (चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढायची. पेटती काडी, व्हॅसलिन, नेलपॉलिश असले अघोरी उपाय करू नयेत.)

आता विचार करा, ऑस्प-ए विरुद्ध लस करावी का? वरवर पाहता हा शुद्ध वेडेपणा. माणसाच्या शरीरात शिरताना जिवाणूवर ऑस्प-ए जवळजवळ नसतंच. मग प्रतिपिंडं पकडणार कोणाला? पण गोचीड रक्त पिते तेव्हा रक्तातली प्रतिपिंडंही पिते. ती आतड्यात पोचतात तेव्हा जिवाणू अजून ऑस्प-ए मिरवतच बसलेले असतात आणि तिथल्या तिथे मारले जातात. लस टोचली माणसाला, लढाई झाली गोचिडीच्या पोटात! रोगप्रतिकारशास्त्रात इतकी सुंदर कल्पना मला तरी दुसरी माहीत नाही.

आणि ती चालली. 'लाइमरिक्स' या लशीला डिसेंबर 1998 मध्ये अमेरिकेत परवाना मिळाला. जवळपास 11,000 लोकांवरच्या चाचणीत तीन मात्रांनंतर तिची परिणामकारकता 76 टक्के दिसली होती. पण ऑस्प-ए चा एक तुकडा आपल्याच एका प्रथिनासारखा दिसतो, म्हणून लशीने सांधेदुखी होईल, अशी शंका निघाली. लस घेतलेल्यांत सांधेदुखीचं प्रमाण जास्त असल्याचा पुरावा नियामकांना मिळाला नाही. खटले आणि बातम्या मात्र भरपूर झाल्या, मागणी ढासळली आणि फेब्रुवारी 2002 मध्ये कंपनीने लस मागे घेतली. कुत्र्यांसाठी लाइमची लस तेव्हाही होती, आजही आहे. मालकांनी फक्त पायमोजे वर ओढून फिरायचं.

त्यानंतर वीस वर्षं कोणती कंपनी पुन्हा या भानगडीत पडेल? फायझर आणि वाल्नेव्हा यांच्या नव्या लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी सुरू झाली ती थेट ऑगस्ट 2022 मध्ये. मूळ कल्पना तीच, फक्त ऑस्प-ए चे सहा प्रकार घेतलेले आणि तो संशयास्पद तुकडा काढून टाकलेला. मधला काळ बाजाराच्या भरवशावर वाया गेला, असंच मी म्हणेन. अशा पोकळीत सरकारी आणि धर्मादाय पैसाच कामाला येतो. 2020 मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याने कोहेन प्रतिष्ठानासोबत 'लाइम-एक्स' हा अडीच कोटी डॉलरचा उपक्रम सुरू केला. त्यात निदानाच्या नव्या पद्धतींसाठी एक कोटी डॉलरपर्यंतची बक्षिसं आहेत. गरजही आहे, कारण आजची चाचणी जिवाणू नव्हे, प्रतिपिंडं शोधते आणि ती तयार व्हायला काही आठवडे जातात. ऐन उपचाराच्या वेळी चाचणी म्हणते, काही नाही!

दुसरी चक्रम कल्पना याहून धाडसी आहे. जिवाणूला सोडाच, गोचिडीलाच धरा. 2021 मध्ये येलच्या एरोल फिक्रिग यांच्या गटाने गोचिडीच्या लाळेतल्या 19 प्रथिनांचे एमआरएनए (पेशीला प्रथिन बनवण्याची कृती सांगणारे रेणू) एकत्र करून गिनिपिगांना टोचले. एरवी लाळेमुळे चावा जाणवतही नाही. या गिनिपिगांच्या त्वचेवर मात्र चाव्याची जागा लवकर लाल झाली आणि गोचिडींना नीट रक्त पिता आलं नाही, त्या लवकर गळून पडल्या. उंदरांत हा परिणाम दिसला नाही. वारंवार चावे बसूनही उंदरांत गोचिडींविरुद्ध प्रतिकार तयार होत नाही, गिनिपिगांत होतो. माणूस या दोघांपैकी कोणाच्या बाजूला आहे, यावर या लशीचं भवितव्य ठरेल.

गोचीड लवकर गळून पाडण्याचा हा सगळा डावही वेळेवरच आहे. गोचिडीतूनच पसरणारा पोवासान विषाणू मात्र ती चिकटल्यापासून 15 मिनिटांतसुद्धा माणसात उतरू शकतो. दीड दिवसाची सवलत फक्त लाइमसारख्यांत. नॉर्थ कॅरोलायनाच्या माजी सिनेटर के हेगन ऑक्टोबर 2019 मध्ये याच विषाणूच्या गुंतागुंतीतून वारल्या. त्यांच्या नावाचा गोचीड-रोगांविषयीचा कायदा त्याच डिसेंबरात मंजूर झाला आणि त्यात राज्यांच्या आरोग्य विभागांसाठी आणि प्रादेशिक केंद्रांसाठी निधीची तरतूद झाली. पोवासानवर आजही ना लस आहे, ना औषध.