तुरीच्या मुळातला गुलाबी रंग

पोळ्याच्या आठवड्यात लातूर जिल्ह्यातल्या एका शाळेची परसबाग बघायला गेलो होतो. शालेय पोषण आहारासाठी लावलेली बाग. मेथीचे वाफे, वांगी, शेवग्याची दोन झाडं आणि कुंपणाला लागून तुरीची एक ओळ. पावसानं जमीन मऊ झाली होती. खुरपताना तुरीचं एक झाड मुळासकट निघालं आणि सहावीतली एक मुलगी ते घेऊन धावत आली. “सर, ह्याला रोग लागलाय. मुळीला सगळ्या गाठी आल्यात.” वांग्यांना लागण होऊ नये म्हणून अख्खी ओळच उपटायची, असं बाकीच्या पोरांनी ठरवूनही टाकलं होतं.

वर्गातल्या भिंतीवर अन्नसाखळीचा तक्ता होता. गवत, टोळ, बेडूक, साप, ससाणा आणि मधे बाण. निसर्गात सगळं एकमेकांवर अवलंबून असतं, हे वाक्य मुलांना पाठ होतं. पण त्या बाणातून नक्की काय जातं आणि त्याच्या बदल्यात काय येतं, हे तक्ता सांगत नाही. तुरीची मुळी सांगते.

मी ब्लेड मागवलं. ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी एक गाठ मधोमध कापली. आतून ती गुलाबी-लाल निघाली. “सर, रक्त!” असं दोघं-तिघं एकदम ओरडले, आणि ते फारसं चुकलेले नव्हते.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, हे पाचवी-सहावीतल्या मुलाला ठाऊक असतं. आपल्या स्नायूंतली, केसांतली, नखांतली प्रथिनं नायट्रोजनशिवाय बनत नाहीत. तरी हवेतला नायट्रोजन आपल्याला वापरता येत नाही, झाडालाही येत नाही, कारण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधानं जखडलेले असतात. ते बंध तोडायची आज कारखान्यांत चालते ती रीत माणसाला सापडली १९०९ मध्ये. फ्रिट्झ हाबरनं प्रयोगशाळेत अमोनिया तयार करून दाखवला आणि १९१३ मध्ये जर्मनीत त्याचा कारखाना उभा राहिला. आपल्या युरियाचं मूळ तेच. त्या कारखान्याला ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि हवेच्या दाबाच्या दोनशेपट दाब लागतो. कुंपणालगतच्या ओल्या काळ्या मातीत हेच काम भट्टीवाचून चाललेलं असतं.

ते करतात रायझोबियम गटातले जिवाणू. तुरीचं कोवळं मूळ फ्लॅव्होनॉइड नावाची रसायनं मातीत सोडतं. जवळपासच्या योग्य जिवाणूंना ती कळतात आणि ते उलट आपलं रसायन सोडतात. ते पोचलं की मुळावरचा केसासारखा तंतू वाकडा होतो आणि जिवाणूंना कवेत घेतो. मग झाड स्वतःच आत एक बारीक नळी बांधतं. तिच्यातून जिवाणू मुळाच्या सालीतल्या आतल्या पेशींपर्यंत जातात, तिथल्या पेशी वाढू लागतात आणि गाठ तयार होते. ही ओळख जुळावी लागते. तुरीला चालणारे जिवाणू मूग, उडीद, चवळीलाही चालतात, पण सोयाबीनचे वेगळे, हरभऱ्याचे वेगळे. म्हणून कृषी सेवा केंद्रात जिवाणू खताचं पाकीट घेताना पीक कोणतं ते सांगावं लागतं.

आता गुलाबी रंगाकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट तीच आहे. नायट्रोजनचे बंध तोडणाऱ्या विकराचं, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाचं, नाव नायट्रोजिनेज. त्यात लोह आणि मॉलिब्डेनम असतं. ऑक्सिजनचा स्पर्श झाला की ते कायमचं निकामी होतं. मात्र ते चालवायला ऊर्जा प्रचंड लागते. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचे, १६ रेणू खर्च होतात, आणि एवढं एटीपी तयार करायला जिवाणूंना श्वास घ्यावा लागतो, म्हणजे ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन आला तर यंत्र मरतं, नाही आला तर यंत्राला इंधन मिळत नाही.

हा पेच झाड सोडवतं. गाठीच्या पेशींत ते लेगहिमोग्लोबिन नावाचं प्रथिन बनवतं. ते ऑक्सिजनला घट्ट पकडून ठेवतं. त्यामुळे मोकळा ऑक्सिजन जवळजवळ उरत नाही, तरीही जिवाणूंच्या श्वसनापुरता तो पेशीत सतत पोचत राहतो. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या मध्यभागी लोहाचा अणू धरून बसलेली जी चकती असते, हीम, तीच इथेही असते. रंग तिचा. मुलांना मी एवढंच सांगितलं की तुमचं बोट कापल्यावर जे लाल दिसतं, त्याचं चुलत भावंड या मुळात आहे. झाड साखर देतं, घर देतं, हवा मोजून देतं; जिवाणू अमोनिया देतात. दुपारच्या खिचडीतल्या डाळीतून तो नायट्रोजन मुलांच्या अंगात जातो.

यावरून आणखी एक गोष्ट उलगडते. वाफ्यात पाणी साचून राहिलं की तूर पिवळी का पडते, हे पोरांनी विचारलं होतं. काळ्या चिकण मातीत पाणी तुंबलं की मुळाशी हवा पोचत नाही, गाठींतले जिवाणू गुदमरतात आणि नत्राचा, म्हणजे नायट्रोजनचा, पुरवठा आटतो. पाऊस उदंड पडूनही झाड उपाशी राहतं.

मुलीची शंका मात्र अगदीच निराधार नव्हती. वांगी, टोमॅटो, भेंडीच्या मुळांवर सूत्रकृमींमुळे, म्हणजे मातीतल्या अतिसूक्ष्म जंतांमुळे, खरोखर रोगाच्या गाठी येतात. फरक हाताला कळतो. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ती सुटी होत नाही. तुरीची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, बोटानं घासली की निखळते. कापल्यावर गुलाबी निघाली तर चालू आहे, पांढरी निघाली तर नत्र बनत नाही.

त्या दिवशी पाणी घालायला दोन मुली पुढे येईनात. पाळी सुरू असताना झाडाला हात लावला, पाणी घातलं की झाड जळतं, असं घरी सांगितलेलं. हे साफ खोटं आहे आणि ते शाळेच्या बागेतच खोडून काढलं पाहिजे. झाडाला पाणी, ऊन, क्षार कळतात. घागर कोणाच्या हातात आहे ते कळत नाही. चार सारख्या कुंड्या घ्या, दोन त्या दिवसांत मुलींनीच सांभाळाव्यात, दोन इतरांनी, आणि महिनाभर उंची मोजावी.

असाच साधा प्रयोग गाठींचाही होतो. १८८६ मध्ये जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी वाटाण्यावर केला, तो आपण मुगावर करू. नदीची वाळू धुवून तव्यावर चांगली भाजायची, गार करून दोन कुंड्यांत भरायची आणि मूग पेरायचे. एका कुंडीत शेतातली माती कालवलेलं वाटीभर पाणी, दुसरीत तेच पाणी उकळून गार केलेलं. तीन-चार आठवड्यांनी दोन्हीची मुळं धुवून बघायची. तिसऱ्या कुंडीत शेतातल्या मातीचं पाणी आणि चिमूटभर युरिया दोन्ही घाला. तिथे गाठी कमी येतात, कारण आयतं नत्र मिळालं की झाड साखर खर्च करून जिवाणू पोसत नाही. झाड उपटू नका, उपटलं की गाठी मातीतच राहतात. खुरप्यानं वीतभर खोल खणून बादलीत भिजवा.

मुगाच्या बेवडाला, म्हणजे आधी मूग घेतलेल्या रानात, रब्बी ज्वारी चांगली येते, हे त्या मुलीच्या आजोबांना माहीत होतं. पण ते पुरतं खरं ठरायला मुळं रानात राहावी लागतात. बराचसा नत्र दाण्यात जातो, तो आपण खातो. तुरीचा उरलेला नत्र पानगळीतून आणि मुळांतून जमिनीत जातो. तुराट्या मात्र चुलीत जातात.

उरलेली ओळ कुणी उपटली नाही. येळवसला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या सणाला, मुलांनी एक झाड पुन्हा खणायचं ठरवलं आहे. तोवर शेंगा भरलेल्या असतील, झाडाची साखर दाण्यांकडे वळलेली असेल आणि गाठी कापल्यावर हिरवट-तपकिरी, मऊ निघतील. लेगहिमोग्लोबिन मोडलं की असा रंग येतो. तुरीचे ओले दाणे त्याच दिवशी भज्जीत, येळवसच्या मिसळ भाजीत, पडतील.