सुकन्या समृद्धी खातं: सीमाभागात अर्ज नेमका कुठे अडतो

मुलीच्या नावाने सुकन्या खातं (केंद्र सरकारची मुलींसाठीची बचत योजना) उघडायचं म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणीकडची माणसं कामाचा दिवस मोडून पोस्टात जातात आणि कागद परत घेऊन घरी येतात. पैशांमुळे हे क्वचितच होतं, कारण वर्षाला किमान २५० रुपये भरले तरी खातं चालू राहतं. कमाल मर्यादा दीड लाखाची. अडतं ते बहुतेक वेळा जन्म दाखल्यावर.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत होते, तेव्हा अनेक घरांत बारसंही झालेलं नसतं. दाखल्यावर आई-वडिलांची नावं येतात आणि मुलीच्या नावाची जागा कोरी राहते. कोरा दाखला पुढे चालत नाही. नाव घालायला जन्मनोंदणीपासून १२ महिने फी लागत नाही, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. पण ते जिथे जन्म नोंदवला तिथेच. खानापूरच्या सुनेचं पहिलं बाळंतपण चंदगड-गडहिंग्लजच्या माहेरी झालं असेल, तर दाखला महाराष्ट्रातला असतो आणि इथल्या कार्यालयात कितीही हेलपाटे घातले तरी नाव चढत नाही. बाळंतीण माहेरी आहे तोवरच हे काम उरकून घ्या. नोंदच राहून वर्ष उलटलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. ते प्रकरण लांबतं आणि खातं तर मुलगी दहा वर्षांची होण्याआधी उघडावं लागतं, म्हणून तिच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षीच हालचाल करा.

दुसरी अडचण स्पेलिंगची. मराठी घरातली ज्ञानेश्वरी इंग्रजीत 'डी'ने सुरू होते, कन्नड वळणाने लिहिणारा तीच 'जे'ने लिहितो. दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, आणि खिडकीवरचा माणूस फक्त बोट ठेवून कागद परत करतो. नेमकं काय दुरुस्त करायचं ते तो सांगेलच असं नाही, तेव्हा तुम्हीच विचारा. आधी दाखला बरोबर करून घ्या आणि मग त्यावरून आधार, उलट क्रम नको.

खातं फक्त आई, वडील किंवा कायदेशीर पालकच उघडू शकतात. बाप पुण्याला किंवा गोव्याला कामाला, नात आजीआजोबांकडे, म्हणून आजोबा खिडकीवर उभे राहतात. त्यांचं प्रेम खरं, पण नियमात ते बसत नाही. आजीआजोबांनी पूर्वी उघडलेल्या खात्यांचं पालकत्वही १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या निर्देशांप्रमाणे आई-वडिलांकडे किंवा कायदेशीर पालकाकडे वर्ग करावं लागतं. आजोबांनी पैसे जरूर द्यावेत, सही मात्र आई किंवा वडिलांचीच.

कर्नाटकात आणखी एक गोष्ट तपासा. राज्याच्या भाग्यलक्ष्मी योजनेतले पैसे २०२०-२१ पासून पोस्टातल्या सुकन्या खात्यात जातात. एका मुलीला एकच खातं, त्यामुळे अंगणवाडी ताईंनी तुमचा अर्ज पूर्वीच भरला असेल तर दुसरं उघडू नका. आधी त्यांना विचारा.

बाकी कागद नेहमीचे: फॉर्म १, पालकाचं आधार, पॅन, फोटो. पॅन नसेल तर फॉर्म ६० भरता येतो, पण शिल्लक पन्नास हजारांवर गेली की दोन महिन्यांत पॅन द्यावंच लागतं. एका घरात दोन मुलींपर्यंत खाती. दुसऱ्या बाळंतपणात जुळ्या झाल्या तर तिसरं, त्याला प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं.

आता मुदतींचा घोळ. मुलगी दहा वर्षांची पूर्ण होण्याआधी खातं उघडलं पाहिजे, दहावा वाढदिवस उलटला की दार बंद. पैसे भरायचे पंधरा वर्षं, आणि खातं पिकतं ते उघडल्यापासून एकवीस वर्षांनी. मुलीच्या एकविसाव्या वर्षी नव्हे! नवव्या वर्षी उघडलंत तर ती तिशीला येते तेव्हा मुदत संपते. हा हिशेब न कळल्याने लग्नाच्या तोंडावर हवालदिल झालेले आईबाप पाहवत नाहीत. अठरा वर्षांनंतर लग्नासाठी खातं बंद करता येतं, पण लग्नाच्या एक महिना आधीपासून तीन महिने नंतरपर्यंतच. शिक्षणासाठी अठरा पूर्ण झाल्यावर किंवा एसएसएलसी (दहावी) पास झाल्यावर, जे आधी होईल तेव्हा, मागच्या आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीतले निम्मे काढता येतात. त्याला प्रवेशाचं पत्र किंवा फीची पावती लागते.

व्याजदर जानेवारी २०२४ मध्ये ८.२ टक्के झाला, दर तिमाहीला सरकार तो नव्याने ठरवतं. व्याज मोजताना महिन्याच्या पाच तारखेनंतरची सर्वांत कमी शिल्लक धरतात, म्हणून भरणा पाच तारखेच्या आत करा. उसाचं बिल हाती आलं की एकदम भरा किंवा कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेत बायकांना महिन्याला मिळणाऱ्या दोन हजारांतले पाचशे टाका, दोन्ही चालतं. एखाद्या वर्षी ३१ मार्च चुकलाच तर त्या वर्षाचे २५० आणि ५० रुपये दंड भरून खातं पुन्हा सुरू होतं. घाबरून सोडून देऊ नका.

कामासाठी बिऱ्हाड कोल्हापूरला किंवा पुण्याला हललं तरी खातं मोडायची गरज नाही. देशातल्या कुठल्याही पोस्टात किंवा अधिकृत बँकेत ते वर्ग होतं. जाताना पासबुक आणि नव्या पत्त्याचा पुरावा न्या.