फोटोत न दिसणारी कूर्चा

निपाणीत विड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन दिवसदिवस बसतात. खानापूरकडे भातलावणीत पाय चिखलात आणि कंबर वाकलेली. पुढे वयानं गुडघे कुरकुरू लागले की सगळ्यांचं निदान आधीच ठरलेलं असतं: "वाटी झिजली." डॉक्टर क्ष-किरणांचा फोटो काढायला लावतात. फोटो चांगला निघतो, गुडघा मात्र दुखतच राहतो. मग शेजारीण म्हणते, "एमआरआय करून घ्या की ओ."

झिजते ती वाटी नव्हे. वाटी हे हाड. झिजतो तो हाडांच्या टोकांवरचा काही मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत थर, म्हणजे कूर्चा. तिच्यात ना रक्तवाहिनी, ना मज्जातंतू. त्यामुळे झीज सुरू झाली तरी ती स्वतः दुखत नाही, आणि झिजलेला भाग नीट भरूनही येत नाही.

राँटगेनने 1895 मध्ये क्ष-किरण शोधले; ते हाड दाखवतात. कूर्चेत बहुतांश पाणीच, म्हणून ती फोटोत येतच नाही. येते ती दोन हाडांमधली मोकळी जागा. केलग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांनी 1957 मध्ये ही जागा आणि हाडाला फुटलेले काटे बघून झिजेच्या 0 ते 4 अशा पायऱ्या लावल्या, आणि त्याच आजही चालतात. पण जागा कमी दिसेपर्यंत बरीच कूर्चा गेलेली असते. शिवाय सांध्यातली चकती सरकली तरी जागा कमी दिसते. थोडक्यात, आतली वस्तू न बघता रिकाम्या जागेवरून बांधलेला हा अंदाज.

एमआरआयची गोष्ट उलटी आहे. तो पाण्यातल्या हायड्रोजनवरच चालतो, म्हणजे क्ष-किरणांना जे दिसत नाही तेच त्याचं भांडवल. लाउटरबर या रसायनशास्त्रज्ञानं 1973 मध्ये चुंबकीय अनुनादातून, म्हणजे एमआरआयच्या तत्त्वातून, पहिली चित्रं छापली. 2003 मध्ये त्यांना आणि मॅन्सफील्डना नोबेल मिळालं. भारतातलं पहिलं यंत्र 1986 मध्ये दिल्लीत आलं. आपल्याकडे तेव्हा मोठं दुखणं म्हणजे मिरज. वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी 1894 मध्ये तिथं दवाखाना काढल्यापासून सीमाभागातल्या कैक पिढ्यांच्या तोंडी तेच गाव होतं.

सुरुवातीला एमआरआयनं कूर्चेची जाडी आणि भेगा दाखवल्या. खरी मजा 1990 च्या दशकात आली. आकार बिघडण्याआधी कूर्चेची घडण बिघडते: पाणी धरून ठेवणारी, ऋण विद्युतभाराची द्रव्यं आधी कमी होतात. बोस्टनच्या संशोधकांनी याचाच फायदा घेतला. शिरेतून दिलेलं, गॅडोलिनियम या धातूचं औषधही ऋण भाराचं, म्हणून निरोगी कूर्चा त्याला दूर लोटते आणि बिघडलेल्या जागी ते शिरतं. त्याचीच चित्रं घ्यायची. दुसरी रीत टी-2 मोजण्याची, म्हणजे पाण्याचा एमआरआयमधला संकेत किती वेळात विरतो ते मोजण्याची. कूर्चेतली कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांची जाळी सैल झाली, पाणी वाढलं, की हा आकडा चढतो. त्यातही एक गंमत आहे: कोलॅजनचे धागे चुंबकाशी साधारण 55 अंशांत आले, तर धडधाकट कूर्चेतही आकडा चढलेला दिसतो. तंत्रज्ञानाला भुलणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

अमेरिकेत 45 ते 79 वयाच्या 4,796 लोकांचे गुडघे वर्षानुवर्षं एमआरआयनं तपासले गेले, तेव्हा कुठं झीज हळूहळू कशी वाढते ते दिसलं. पण 2012 चा, अमेरिकेतल्याच फ्रेमिंगहॅम गावातला अभ्यास मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. पन्नाशीपुढच्या, क्ष-किरण फोटो चांगला असलेल्या 710 लोकांत 89 टक्क्यांच्या एमआरआयमध्ये काही ना काही बिघाड निघाला, आणि 69 टक्क्यांच्या कूर्चेत झीज. त्यात अनेकांचा गुडघा दुखतही नव्हता. शेजारणीचा सल्ला मानला, तर कागदावर काहीतरी निघणारच.

नेहमीच्या तपासणीत टी-2 चे रंगीत नकाशे सहसा नसतात. बेळगावहून एसटीनं घरी येणाऱ्या इंग्रजी रिपोर्टात असतं "ग्रेड 2". कूर्चेच्या झिजेची ही मोजणी औटरब्रिज नावाच्या शल्यचिकित्सकाची, 1961 ची. त्यांनी गुडघे उघडून डोळ्यांनी पाहिलं होतं. कूर्चा अर्ध्या इंचापर्यंत फाटली असेल तर 2, त्याहून जास्त असेल तर 3. एमआरआय आल्यावर रुंदीऐवजी खोली मोजू लागले: निम्म्या जाडीच्या आत 2, त्यापुढे 3.