परिपत्रक फॉरवर्ड झाले, सूचना राहूनच गेली

गोव्यातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या नोटीस बोर्डासमोर उभे राहिले तर दोन जातींचे कागद शेजारीशेजारी टाचलेले दिसतात. दोन्ही ए-फोर आकाराचे, दोन्हींवर लेटरहेड, गोल शिक्का, खाली सही. विद्यार्थी दोन्हींना 'नोटीस'च म्हणतात. कार्यालयातही 'सर्क्युलर लावले का?' असे विचारताना यातले कोणते हे कुणी स्पष्ट करत नाही. प्रत्यक्षात एक कागद परिपत्रक असतो आणि दुसरा सूचना. परिपत्रक प्राचार्यांशी बोलते, सूचना विद्यार्थ्याशी. पहिल्याची पीडीएफ व्हॉट्सॲप गटावर टाकली की दुसरीचे काम आपोआप झाले, असा समज रुजला आहे. 'आम्हांला कळवलेच नाही' आणि 'गटावर टाकले होते की' हा दर सत्रातला वाद या समजातून जन्मतो.

परिपत्रक वरून येते, आणि गोव्यात 'वर' एकच नाही. अभ्यासक्रम, परीक्षा, निकाल, पदवी यांबाबतची परिपत्रके ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठातून येतात. अनुदान, नेमणुका, सरकारी योजना यांबाबतची पर्वरीच्या उच्च शिक्षण संचालनालयातून. शिवाय दिल्लीहून विद्यापीठ अनुदान आयोगाची पत्रे येतात. ती बऱ्याचदा विद्यापीठाच्या पृष्ठांकनासह (पुढे पाठवल्याच्या शेऱ्यासह) खाली उतरतात, म्हणजे एकाच विषयावरच्या दोन कागदांवर दोन वेगळ्या तारखा. जिथे १९६२ साली पहिली महाविद्यालये उभी राहिली आणि १९८५ साली स्वतःचे विद्यापीठ होईपर्यंत मुंबई विद्यापीठाशी संलग्न राहिली, त्या प्रदेशाला लांबून येणारे कागद नवे नाहीत. नवे आहे ते एवढेच की हे कागद आता मधल्या कुणाच्याही हाताखालून न जाता थेट विद्यार्थ्याच्या मोबाइलवर पडतात.

परिपत्रक वरपासून खालपर्यंत सरळ वाचायचे नसते. आधी 'प्रति' पाहायचे: कुणाला लिहिले आहे? 'सर्व संलग्न महाविद्यालयांचे प्राचार्य' असे असेल तर मजकुरातले 'करावे', 'पाठवावे', 'खात्री करावी' हे सगळे प्राचार्यांसाठी आहे. मग तारीख, आणि मग 'संदर्भ'. संदर्भात आधीच्या परिपत्रकाचा क्रमांक असेल तर तो कागद शोधून शेजारी ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण नव्या कागदात फक्त बदललेला भाग असतो. त्यानंतर शेवटचा परिच्छेद, मुदत बहुधा तिथे असते. सगळ्यात शेवटी 'प्रत माहितीसाठी' ही यादी. कारवाई करणारा आणि फक्त माहिती ठेवणारा यांतला फरक तिथे कळतो.

व्याप्तीची चूक सगळ्यात महाग पडते. मडगावचे पार्वतीबाई चौगुले महाविद्यालय स्वायत्त आहे. पदवी गोवा विद्यापीठाची, पण परीक्षा महाविद्यालय स्वतः घेते. विद्यापीठाने इतर महाविद्यालयांसाठी काढलेले परीक्षेचे वेळापत्रक एखाद्या मैत्रिणीकडून तिथल्या विद्यार्थिनीच्या हाती पडले, तर कागद अस्सल असूनही तिच्या कामाचा नाही. दुसरी व्याप्ती प्रवेशवर्षाची. २०२३-२४ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार नवी पदवीरचना लागू झाली, आणि काही काळ एकाच इमारतीत दोन नियमावल्या नांदू लागल्या. जुन्या योजनेतला, काही विषय राहूनही पुढच्या वर्गात गेलेला एटीकेटीवाला नव्या योजनेचे परिपत्रक वाचून अर्ज भरतो, तो अर्ज परत येतो. म्हणून सूचनेची पहिली ओळ 'सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की' अशी नसावी. 'ज्यांचा प्रथम वर्षाचा प्रवेश २०२३-२४ मध्ये किंवा त्यानंतर झाला, फक्त त्यांच्यासाठी' अशी असावी. ज्याच्यासाठी नाही तो पहिल्या ओळीवरच निघून जातो, आणि हाही सूचनेचा उपयोगच.

पावसाळ्यातला नमुना तर दरवर्षीचा. हवामान खात्याचा रेड अलर्ट येतो, शिक्षण संचालनालय बारावीपर्यंतच्या वर्गांना सुट्टी जाहीर करते, आणि तासाभरात महाविद्यालयाच्या गटांवर 'उद्या सुट्टी' फिरू लागते. महाविद्यालये त्या संचालनालयाच्या अखत्यारीत येत नाहीत, त्यांना उच्च शिक्षण संचालनालयाचा किंवा प्राचार्यांचा आदेश लागतो. गोव्यात अकरावी-बारावी 'हायर सेकंडरी'त, म्हणजे शाळेच्या बाजूला मोडते. महाराष्ट्रातल्या सावंतवाडी-बांद्याकडून येणाऱ्या मुलांच्या डोक्यात मात्र 'कनिष्ठ महाविद्यालय' असते, त्यामुळे घोटाळा आणखी वाढतो. इथे गप्प बसणे चालत नाही. आपल्याला सुट्टी नसेल तर 'सुट्टी नाही, तास नेहमीप्रमाणे' अशी सूचना रात्री साडेआठच्या आत निघायला हवी. पेडण्याहून किंवा काणकोणाहून पहाटेची कदंब बस पकडणाऱ्याला सकाळी सातची सूचना काय कामाची?

आता तारखा. समजा विद्यापीठाने परीक्षा अर्ज पाठवण्याची मुदत २० ऑगस्ट दिली. ही मुदत महाविद्यालयाने विद्यापीठाला अर्ज देण्याची, विद्यार्थ्याने महाविद्यालयाला देण्याची नव्हे. सूचना लिहिणाऱ्याने २० पासून मागे मोजत यायचे: अर्ज तपासायला दोन कामाचे दिवस, शुल्क खरोखर खात्यात जमा झाले का हे पडताळायला एक, चुकलेले विषय-कोड आणि राहिलेल्या सह्या दुरुस्त करून घ्यायला दोन. मध्ये १५ ऑगस्ट आणि एक रविवार. विद्यार्थ्यासाठीची शेवटची तारीख १२ किंवा १३ येते. सूचनेत फक्त १२ लिहिली आणि गटावर २० ची पीडीएफ फिरत राहिली, तर कार्यालय मनमानी करते असे वाटणारच. दोन्ही तारखा लिहाव्यात आणि मधले दिवस कशासाठी लागतात तेही एका ओळीत सांगावे. तारीख लपवली की ती दुप्पट वेगाने सापडते.

आपली भाषाही इथे दगा देते. 'मंगळवारपर्यंत' यात मंगळवार धरायचा की नाही? 'परवा' म्हणजे होऊन गेलेला की येणारा? 'पुढच्या सोमवारी' म्हणजे याच आठवड्यानंतरचा की त्याच्याही पुढचा? बोलताना हे संदर्भाने सुटते, सूचनेत सुटत नाही. 'उद्या' हा शब्द तर गटावरच्या संदेशात वापरूच नये, कारण तो संदेश दुसऱ्या दिवशी पुन्हा फॉरवर्ड झाला की 'उद्या' एक दिवस पुढे सरकतो. लिहायचे ते असे: 'बुधवार, १२ ऑगस्ट, हा दिवस धरून, दुपारी १ वाजेपर्यंत'. वार आणि तारीख दोन्ही द्यावे. एक चुकले तर दुसऱ्यावरून कुणीतरी विचारायला येते. महिना अक्षरांत लिहावा. ०५/०६ मध्ये मे कुठला आणि जून कुठला, यावर वाद झालेले आहेत.

रूपांतर कसे करायचे ते शैक्षणिक क्रेडिट बँकेच्या (विद्यार्थ्याने मिळवलेली क्रेडिट जिथे ऑनलाइन जमा राहतात तिच्या) उदाहरणावरून पाहू. परिपत्रकातले वाक्य साधारण असे असते: महाविद्यालयांनी सर्व विद्यार्थ्यांची नोंदणी पूर्ण झाल्याची खात्री करावी. विद्यार्थ्याने हे वाचून काय करायचे? काहीच नाही, कारण त्यात त्याला काही सांगितलेलेच नाही. सूचनेत कामे मोडून द्यावी लागतात: डिजिलॉकरवर आधारला जोडलेल्या मोबाइल क्रमांकाने खाते उघडा, त्यात शैक्षणिक क्रेडिट बँकेचे खाते तयार करा, मिळालेला १२ अंकी क्रमांक उतरवून घ्या, ज्या पानावर नाव आणि क्रमांक दोन्ही दिसतात त्याची छापील प्रत आणा, अमुक खिडकीवर, अमुक वेळेत द्या. एवढ्यावरही थांबू नये. अडते कुठे ते आधीच सांगावे. आधारला जोडलेला नंबर वडिलांचा असतो आणि वडील बोटीवर, म्हणजे ओटीपी येतो अरबी समुद्रात. नावाचे स्पेलिंग जुळत नाही ही तर खास आपल्याकडची डोकेदुखी: एका कागदावर देसाई, दुसऱ्यावर जुन्या पोर्तुगीज वळणाचे देस्साई, एकीकडे वडिलांचे नाव मध्ये, दुसरीकडे ते गायब. आधार आणि गुणपत्रिका यांवरचे नाव वेगळे असेल तर आधी कोणता कागद दुरुस्त करायचा हे सूचनेतच असेल, तर खिडकीवरची निम्मी रांग कमी होते.

भाषेबद्दल एक मत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय कामकाजात स्थान मिळाले, पण विद्यापीठाचा पत्रव्यवहार इंग्रजीतच चालतो. सगळे भाषांतरित करण्याचा हट्ट इथे फारसा उपयोगाचा नाही. 'अनुशेषित विषयांचे पुनर्परीक्षार्थी' असे लिहिले तर 'बॅकलॉग'वाल्याला ते आपल्यासाठी आहे हे कळणारच नाही. जो शब्द वर्गात चालतो तो ठेवावा. कारवाईच्या तीन-चार ओळी, म्हणजे कुणी, काय, कुठे, कधी, किती रुपये, एवढ्या मात्र मराठीत किंवा कोकणीत असाव्यात. इंग्रजीतल्या काही शब्दांचा अर्थ तर द्यावाच लागतो. 'टेन्टेटिव्ह' वेळापत्रक म्हणजे बदलू शकणारे, त्यावर गावी जायचे तिकीट काढू नये. 'प्रोव्हिजनल' प्रवेश म्हणजे जागा मिळाली, पण एखादा कागद द्यायचा राहिला आहे, आणि तो दिला नाही तर प्रवेश जातो.

एवढे वाचून परिपत्रक विद्यार्थ्याने बघूच नये असे वाटेल. तसे नाही. काय करायचे हे सूचनेवरून ठरवावे, पण आपला हक्क काय हे तपासायला परिपत्रकच लागते. शुल्क परतावा घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत टप्पे दिलेले आहेत. प्रवेशाच्या अधिकृतपणे जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केला तर १०० टक्के परतावा, १५ हून कमी दिवस आधी केला तर ९०, त्या तारखेनंतर १५ दिवसांत ८०, १६ ते ३० दिवसांत ५०, त्यापुढे शून्य. सगळा हिशेब त्या 'अधिकृतपणे जाहीर' तारखेवर फिरतो. महाविद्यालयाच्या सूचनाफळ्यावर अंतर्गत सोयीसाठी लिहिलेली आधीची तारीख धरली तर ८० चे ५० होऊ शकतात. त्यात आयोग वर्षावर्षासाठी वेगळे धोरणही काढतो. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कपात असे होते. त्यामुळे त्या वर्षाचे पत्र काढून बघितल्याशिवाय अर्ज लिहू नये. अर्जात मात्र सूचनेचा नव्हे, परिपत्रकाचा क्रमांक व तारीख लिहावी. दाद मिळाली नाही तर आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिच्यापुढे विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी विद्यापीठाने नेमलेला लोकपाल.

याच कारणाने सूचनेच्या तळाशी मूळ परिपत्रकाचा क्रमांक, तारीख आणि दुवा द्यायलाच हवा. सूचना लिहिणाऱ्याने काही चुकीचे समजून घेतले असेल तर ते पकडायला दुसरा मार्ग नाही.

माध्यमांत कोणते मूळ आणि कोणते हाकाटी, हेही महाविद्यालयाने एकदा ठरवून टाकावे. फळा आणि संकेतस्थळ हे मूळ. व्हॉट्सॲप, वर्गात वाचून दाखवणे ही हाकाटी. व्हॉट्सॲपच्या एका गटात १,०२४ माणसे मावतात खरी, पण तिथे सूचना 'गुड मॉर्निंग'च्या खाली गाडली जाते, म्हणून फक्त ॲडमिन लिहू शकतील असा वेगळा गट लागतो. फळ्याचा तिरका फोटो काढून टाकू नये. खालची कड कापली जाते, नेमकी सही आणि तारीख तिथेच असते, शिवाय फोटोतला मजकूर शोधता येत नाही. कागदावर जावक क्रमांक नसेल किंवा तो संकेतस्थळावर सापडत नसेल, तर तो पुढे ढकलण्याआधी कार्यालयाला विचारावे. परीक्षा पुढे ढकलल्याची खोटी परिपत्रके जुन्या खऱ्या कागदावर तारीख बदलूनच तयार होतात.

शुद्धिपत्रकाचे वेगळेच. मूळ कागद शंभर ठिकाणी पोचलेला असतो, दुरुस्ती वीस ठिकाणी. नव्या सूचनेच्या वरच 'दि. ३ जुलैच्या सूचनेऐवजी' असे लिहावे, काय बदलले ते एका वाक्यात सांगावे, आणि संकेतस्थळावर त्याच दुव्यावर नवी प्रत चढवावी, म्हणजे जुना दुवा उघडणाऱ्यालाही नवीच दिसेल. फाइलच्या नावात 'फायनल' लिहू नये, दोन दिवसांनी 'फायनल २' येते. तारीख लिहावी.

राहिला फळा. प्रत्येक सूचनेच्या कोपऱ्यात ती कधी उतरवायची ती तारीख पेन्सिलने घालून ठेवली तर शिपायाला विचारायला लागत नाही. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीआधीच्या शेवटच्या दुपारी सगळा फळा एकदा रिकामा करून जे अजून लागू आहे तेवढेच परत लावावे. जूनमधले प्रवेशाचे कागद तेव्हाही तिथेच असतात, ओल धरून पिवळे पडलेले, आणि परीक्षेची सूचना त्यांच्याच खाली अर्धी झाकलेली.