तारणाची शाश्वती

तारणाची शाश्वती : ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक जुना वादविषय. ख्रिस्तावर विश्वास ठेवून ज्याचे तारण झाले, त्याला पुढे ते गमावता येते का, हा यातला मूळ प्रश्न. तारण म्हणजे पापाच्या दंडातून सुटका आणि देवाशी समेट. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लूथरन आणि मेथडिस्ट परंपरा ‘गमावता येते’ असे मानतात. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या वळणाच्या मंडळ्या (चर्च) आणि बहुतेक बॅप्टिस्ट ‘येत नाही’ असे म्हणतात. विश्वास सोडून गेलेला माणूस दोघांच्याही डोळ्यांपुढे एकच असतो. एक म्हणतो, याच्याजवळ होते ते याने घालवले. दुसरा म्हणतो, याच्याजवळ ते कधी नव्हतेच. वाद खरे तर त्या माणसाच्या भूतकाळाविषयी आहे.

शास्त्रवचने दोन्ही बाजूंना मिळतात. माझ्या मेंढरांना माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही, असे येशू योहानाच्या शुभवर्तमानात म्हणतो (१०:२८). पौल इफिसकरांस लिहिताना पवित्र आत्म्याला वतनाचा ‘विसार’ म्हणतो (१:१४). जमिनीचा सौदा ठरला की हातावर ठेवतात तो विसार. मूळ ग्रीक शब्दही बाजारातलाच आहे. देणारा देव असेल तर सौदा फिसकटेल कसा, हा शाश्वतीवाल्यांचा युक्तिवाद. उलट बाजूला इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय आहे : स्वर्गीय दानाची रुची घेतलेले, पवित्र आत्म्याचे वाटेकरी झालेले लोक पतित झाले, तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे वळवणे अशक्य. हे वचन सहसा शाश्वतीच्या विरोधकांच्या हाती असते, पण अक्षरशः घेतले तर त्यांचीही पंचाईत होते. कारण घसरलेला परत येऊ शकतो, असे त्यांपैकी बहुतेकांचे म्हणणे असते. ‘ते आपल्यातून निघाले, पण ते आपले नव्हते’ या अर्थाचे योहानाचे वचन (१ योहान २:१९) कॅल्व्हिनपंथीयांना सर्वांत जवळचे.

हा प्रश्न ग्रंथांत रंगण्याआधी मंडळीच्या दारात उभा राहिला. सन २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसने साम्राज्यातील सर्वांना देवांपुढे बळी अर्पण करून तसा दाखला घेण्याचे फर्मान काढले. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक पपायरस दाखले सापडले आहेत. त्यांतल्या एकावर ७२ वर्षांच्या ऑरेलियस डायोजेनिसची ओळख उजव्या भुवईवरच्या व्रणाने पटवली आहे. मी नेहमीच देवांना बळी देत आलो, आताही तुमच्यासमक्ष दिला आणि प्रसाद चाखला, असा अर्जाचा ठरीव मजकूर. हा म्हातारा ख्रिस्ती होता की नव्हता, हे त्यावरून कळत नाही. दाखला सगळ्यांनाच लागे. पण पुष्कळ ख्रिस्ती लोकांनीही जिवाच्या भीतीने बळी दिले, काहींनी पैसे चारून नुसता कागद मिळवला. छळ ओसरल्यावर हे लोक रडत परत आले, तेव्हा त्यांचे करायचे काय?

रोममधील धर्मगुरू नोव्हेशियनचे उत्तर होते : देव क्षमा करील तर करो, मंडळीला तो अधिकार नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन छळाच्या काळात स्वतः लपून बसला होता, त्यामुळे त्याला कठोर होणे अवघड आणि सैल होणे त्याहून अवघड. २५१ च्या कार्थेज सभेने मधली वाट काढली. फक्त कागद घेतलेल्यांना चौकशीनंतर आत घ्यावे. प्रत्यक्ष बळी दिलेल्यांनी प्रायश्चित्त करत राहावे, त्यांना मृत्युशय्येवर प्रभुभोजन द्यावे. पुढे नव्या छळाची चाहूल लागली, तशी हीही अट शिथिल झाली. सिप्रियनचा २५८ मध्ये शिरच्छेद झाला.

उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने आयुष्याच्या अखेरीस, ४२८-२९ च्या सुमारास, या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शेवटपर्यंत टिकणे ही देवाची देणगी आहे आणि ती आपल्याला मिळाली की नाही, हे मरेपर्यंत कोणाला कळत नाही, असे त्याचे मत. खरोखर नवा जन्म झालेल्यालाही ही देणगी मिळेलच असे नाही, हेही तो सांगतो. कॅल्व्हिन त्याचे बोट धरून निघाला तरी इथे त्याने ते सोडले.

कॅथलिक भूमिका बिशपांच्या ट्रेंट परिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी पक्की केली : प्राणघातक (म्हणजे जाणूनबुजून केलेल्या गंभीर) पापाने कृपा जाते, मग विश्वास शाबूत असला तरीही. ती परत मिळते पापनिवेदनाच्या संस्काराने. गोव्याच्या कोकणीत त्यालाच कुमसार म्हणतात. जहाज फुटल्यावर हाताला लागलेली दुसरी फळी, ही त्यासाठीची जुनी उपमा परिषदेनेही वापरली. लूथरन पंथही कृपा गमावता येते असेच मानतो. एकदा नीतिमान ठरलेला पवित्र आत्म्याला मुकू शकत नाही, या मताचा १५३० च्या ऑग्जबर्ग कबुलीजबाबाने (लूथरन श्रद्धेच्या अधिकृत निवेदनाने) धिक्कार केला आहे.

या वादापायी राज्य हलले ते नेदरलँड्समध्ये. कोणाचे तारण व्हायचे ते देवाने आधीच ठरवले आहे, या कॅल्व्हिनपंथीय पूर्वनियोजनाच्या मताला हरकत घेणारा डच धर्मशास्त्रज्ञ याकोबस आर्मिनियस १६०९ मध्ये वारला. त्याच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमांचे निवेदन दिले. गंमत म्हणजे पाचव्या कलमात त्यांनी हा प्रश्न मोकळाच ठेवला होता : शास्त्रात आणखी शोध घ्यायला हवा, एवढेच म्हटले. ठाम नकार पुढे आला. १६१८-१९ मध्ये डॉर्ट येथे भरलेल्या धर्मसभेने त्यांना बाहेर काढले. विश्वासणारा भयंकर पापात पडू शकतो, हे सभेने नाकारले नाही, बायबलमधील दावीद आणि पेत्र यांची नावे घेऊनच मान्य केले. मात्र देव त्याला कायमचा पडू देत नाही. सभा संपल्यावर चारच दिवसांनी, १३ मे १६१९ रोजी, आर्मिनियन पक्षाचा पाठीराखा, एकाहत्तर वर्षांचा मुत्सद्दी ओल्डेनबार्नेव्हेल्ट याचा हेगमध्ये शिरच्छेद झाला. कारणे उघडच राजकीयही होती. विधिज्ञ ह्यूगो ग्रोशियसला जन्मठेप झाली. १६२१ मध्ये तो पुस्तकांच्या पेटीत बसून किल्ल्यातून निसटला.

पुढे इंग्लंडात मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने आर्मिनियसची बाजू उचलली आणि याच्याशी निगडित प्रश्नांवरून, मुख्यतः पूर्वनियोजनावरून, त्याचे सहकारी प्रचारक जॉर्ज व्हाइटफील्डशी बिनसले.

मराठी मुलखात हे दोन्ही प्रवाह मिशनऱ्यांबरोबर आले. स्कॉटिश मिशन प्रेस्बिटेरियन, म्हणजे कॅल्व्हिनच्या वळणाचा वेस्टमिन्स्टर कबुलीजबाब मानणारे. मेथडिस्ट आणि बुलढाण्याकडचे नाझरीन वेस्लीच्या परंपरेतले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, तेव्हा प्रेस्बिटेरियन, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट आणि बॅप्टिस्ट एका छपराखाली आले. आज तिथल्या बाकावर शेजारी बसलेल्या दोघांना, आजोबांच्या मिशनप्रमाणे, वेगवेगळे उत्तर शिकवलेले असू शकते.

‘एकदा तारण, कायमचे तारण’ हे घोषवाक्य मुख्यतः बॅप्टिस्ट वळणाचे. डॉर्टच्या शिकवणीशी ते तंतोतंत जुळत नाही : तिथे खरा विश्वासणारा टिकतो, आणि टिकण्यावरूनच तो खरा ठरतो; घोषवाक्याच्या सैल वापरात मात्र एकदा हात वर करून केलेली प्रार्थना पुरेशी होते.

मतभेद प्रत्यक्ष दिसतो तो परतणाऱ्याच्या बाबतीत. तारण गमावून परत आलेला समजला, तर त्याचा बाप्तिस्मा तसाच उभा राहतो. सिप्रियनही अशांवर फक्त हात ठेवून त्यांना आत घेई. पण पूर्वी याचा विश्वास नव्हताच असे ठरले, तर पहिला बाप्तिस्मा नुसती पाण्यातली बुडी ठरतो. म्हणून बॅप्टिस्ट मंडळ्यांत कधी कधी पन्नाशीचा माणूस दुसऱ्यांदा कुंडात उतरतो.