पूरनियंत्रण व किनारा संरक्षण प्रकल्प

नदीचे पाणी वस्तीत शिरू नये आणि लाटांनी किनाऱ्याची जमीन खाऊ नये, यासाठी केलेली बांधकामे, त्यांची देखभाल आणि त्यांना जोडलेले जमीनवापराचे नियम या प्रकल्पांत मोडतात. धोका त्यांनी नाहीसा होत नाही. तो कमी होतो, किंवा जागा बदलतो. आणि कुठे सरकला हे पुष्कळदा उशिरा कळते.

आखणीची सुरुवात किती मोठ्या पुराला तोंड द्यायचे, या निर्णयाने होते. दरवर्षी येण्याची शक्यता एक टक्का असलेल्या पुराला शंभर वर्षांचा पूर म्हणतात. असा पूर तीस वर्षांत निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते. १९५३ च्या उत्तर समुद्रातील वादळी उधाणात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे दगावली. त्यानंतर तेथील दाट वस्तीच्या मध्यवर्ती किनारपट्टीसाठी दहा हजार वर्षांतून एकदा येईल अशा पातळीचे संरक्षण ठरवण्यात आले. असे आकडे ठरवताना गणिताइतकेच खर्चाचे आणि राजकारणाचेही चालते.

नदीकाठचा सर्वांत जुना उपाय म्हणजे मातीचा तटबंध. तो समोरून लाटांच्या माऱ्याने फुटतो असा समज आहे, पण वरून सांडलेल्या पाण्याने मागचा उतार धुपूनही तो कोसळतो. त्याहून फसवी असते खालून होणारी झिरप. पूर चढला की तटबंधामागच्या पायथ्याशी जमिनीतून झरे फुटतात. पाणी नितळ असेल तोवर पहारा पुरतो. ते गढूळ झाले आणि झऱ्याभोवती वाळूचा छोटा शंकू साचू लागला, तर तटबंधाखालची माती वाहून चालली आहे असे समजावे. अशा वेळी झरा बुजवत नाहीत, कारण पाणी शेजारी दुसरी वाट काढते. त्याभोवती वाळूच्या पोत्यांचे कडे रचून आत पाणी चढू देतात. त्या पाण्याच्या दाबाने झिरप मंदावते आणि माती वाहणे थांबते.

गाळ वाहणाऱ्या नद्यांची अडचण वेगळी. दोन तटबंधांच्या मधे गाळ साचून पात्र वर येते. चीनमधील पीत नदीचे पात्र काही भागांत आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच आहे. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे कोसीचा तटबंध फुटला, तेव्हा नदीतला विसर्ग तटबंधाच्या संकल्पित क्षमतेपेक्षा बराच कमी होता. नदी जुन्या वाटेने बिहारमध्ये पसरली. तटबंध आहे म्हणून त्यामागे वस्ती वाढते आणि तो फुटला की नुकसान पूर्वीपेक्षा मोठे होते, ही गोष्ट कोणत्याही एका नदीपुरती नाही. १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर नेदरलँड्सने म्हणूनच उलट वाट धरली: नायमेखेन शहरासमोर वाल नदीचा तटबंध सुमारे ३५० मीटर मागे नेऊन नदीला जादा पात्र खोदून दिले. घरे हलवावी लागली, हा या उपायाचा सर्वांत अवघड भाग.

खाडीमुखांवर हलत्या दारांचे अडथळे घालतात. नेदरलँड्समधील ऊस्टरस्खेल्डे खाडी धरणाने पूर्ण बंद करायचे ठरले होते. मच्छीमार आणि पर्यावरणवादी यांच्या विरोधामुळे आराखडा बदलला आणि १९८६ मध्ये ६२ पोलादी दारांचा अडथळा उभा राहिला. एरवी भरती-ओहोटी चालू राहते, वादळात दारे उतरतात. व्हेनिसची ७८ दारे तळाशी पडून असतात आणि हवा भरली की वर येतात. उधाणाविरुद्ध ती प्रथम ३ ऑक्टोबर २०२० रोजी उचलली गेली. समुद्रपातळी वाढेल तशी दारे अधिक वेळा बंद करावी लागतील, आणि बंदर व खाजणाचे पाणी खेळते ठेवणे कठीण होईल.

किनाऱ्याच्या धुपीचा हिशेब मुख्यतः वाळूचा असतो. तिरक्या लाटांमुळे वाळू किनाऱ्यालगत सरकत असते; तिला आडवे काही बांधले की एका बाजूला ती साचते आणि पलीकडचा किनारा उपाशी राहतो. चेन्नई बंदराच्या दक्षिणेला मरीना पुळण रुंदावली, उत्तरेला रोयापुरमकडे समुद्र आत आला. धुपीच्या जागी दगडी भिंत घातली तर तिच्यामागची जमीन टिकते, पण परतणाऱ्या लाटा भिंतीच्या पायथ्याची वाळू उपसतात आणि समोरची पुळण जाऊ शकते. भिंतीच्या टोकापलीकडे धूप वाढली की तिथले लोकही भिंत मागतात, आणि ही मागणी गावोगाव पुढे सरकते.

भिंत बांधायचीच असेल तर दगडांची निवड महत्त्वाची. लागणाऱ्या दगडाचे वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते; लाट वीस टक्क्यांनी उंच झाली की वजन सुमारे पावणेदोन पट लागते. एवढे दगड खाणीतून मिळत नाहीत तिथे काँक्रीटचे टेट्रापॉड, म्हणजे चार पायांचे ठोकळे, वापरतात. दगडांखाली जिओटेक्स्टाइलचा (पाणी जाऊ देणाऱ्या पण माती अडवणाऱ्या कापडाचा) किंवा बारीक खडीचा गाळणथर नसेल, तर फटींतून माती निसटते आणि वरून शाबूत दिसणारी भिंत आतून खचते.

दुसरा मार्ग वाळू आणून टाकण्याचा. ती पुन्हा वाहून जाते, म्हणून काही वर्षांनी परत टाकावी लागते. लोकांना हे पैसे समुद्रात घालणे वाटते, पण शेजारच्या किनाऱ्याचे नुकसान त्यात सहसा होत नाही. नेदरलँड्सच्या ‘झांडमोटर’ प्रयोगात २०११ मध्ये सुमारे २१५ लाख घनमीटर वाळू एकाच जागी टाकली आणि ती पसरवण्याचे काम लाटांवर व वाऱ्यावर सोपवले. काही ठिकाणी किनारा राखणेच सोडून देतात: इंग्लंडमधील मेडमेरी येथे समोरचा गोट्यांचा बांध दर हिवाळ्यात यंत्रांनी सावरावा लागे. तिथे आतल्या बाजूला सुमारे सात किलोमीटरचा नवा मातीचा बांध घालून सप्टेंबर २०१३ मध्ये जुना बांध मुद्दाम फोडला, आणि मधल्या शेतजमिनीत समुद्र येऊ दिला.