बायोगॅस संशोधन (पुणे परिसर)

शेण, ओला कचरा आणि शेतातील अवशेष हवाबंद टाकीत कुजवून मिळणारा वायू वाढवणे, शुद्ध करणे आणि उरलेली स्लरी (पातळ राबडी) उपयोगात आणणे यासंबंधीचे संशोधन. कच्च्या बायोगॅसमध्ये मिथेन, म्हणजे जळणारा वायू, साधारण 55 ते 65 टक्के असतो. वाहनांत भरायच्या कॉम्प्रेस्ड बायोगॅससाठी तो किमान 90 टक्के लागतो.

या भागात हे काम जुने आहे. देहूच्या डॉ. मापुसकरांनी शौचालयाला जोडलेल्या ‘मलप्रभा’ बायोगॅस संयंत्राचा प्रसार केला. त्यांना 2017 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेत आनंद कर्वे यांनी वेगळाच विचार मांडला. वायू करणारे सूक्ष्मजीव जनावराच्या पोटातलेच. मग त्यांना पचून बाहेर पडलेले शेण का द्यायचे, खरकटे, शिळे अन्न, पीठ का नको? त्यातून घरगुती छोटे संयंत्र निघाले आणि 2006 मध्ये संस्थेला शाश्वत ऊर्जेसाठीचा ॲशडेन पुरस्कार मिळाला.

खरकट्याचा त्रास असा की ते झटपट आंबते. आम्ल तयार करणारे जीवाणू भराभर वाढतात, मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव मागे पडतात, सामू घसरतो आणि गॅस बंद होतो. त्यातच हॉटेलच्या बादलीतून लिंबाच्या साली, पिशव्या, क्वचित चमचेही येतात. म्हणून टाकीच्या रचनेइतकेच वर्गीकरण, दळण आणि रोजच्या भरणाचे प्रमाण हेही संशोधनाचेच विषय मानायला हवेत; प्रत्यक्षात त्यांच्याकडे दुय्यम म्हणून पाहिले जाते.

साखर कारखान्यांच्या प्रेसमडची (उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळाची) अडचण निराळी. गाळप चार-पाच महिने, संयंत्र मात्र बारमाही. उघड्यावरच्या ढिगात तो कुजत राहतो आणि वायू देणारा अंश घटतो. त्यामुळे साठवणुकीच्या पद्धतींना महत्त्व आहे. पाचट व पेंढ्यातील लिग्निन, म्हणजे त्यांना कडकपणा देणारा घटक, सहजी फुटत नाही. आघारकर संशोधन संस्थेत भाताच्या पेंढ्यापासून बायोगॅस करण्यावर काम झाले आहे. प्राज इंडस्ट्रीज ही पुण्याची कंपनी या क्षेत्रात तंत्रज्ञान पुरवते.

शुद्धीकरणासाठी पाण्याचे स्क्रबर, शोषक आणि पटल (वायू वेगळे करणारा पातळ पडदा) अशा पद्धती आहेत. निसटणारे मिथेन हा त्यांतला कळीचा प्रश्न, कारण शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा तापमानवाढीचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या 25 पटींहून अधिक धरतात. वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड हायड्रोजनशी जोडून पुन्हा मिथेन करणे शक्य आहे, पण हायड्रोजन स्वस्त झाल्याखेरीज ते परवडणार नाही.

केंद्राच्या 2018 च्या ‘सतत’ या कॉम्प्रेस्ड बायोगॅसच्या योजनेनंतर मोठ्या प्रकल्पांना चालना मिळाली आणि स्लरीचा प्रश्नही मोठा झाला. तिच्यात बहुतांश पाणीच असते. ते वाहून नेण्याचा खर्च खताच्या किमतीला मागे टाकू शकतो. त्यामुळे ती पिळून, वाळवून दाणेदार करणे आणि उसाच्या शेतावर तिचे मोजमाप करून पाहणे, ही कामे महत्त्वाची आहेत.